आक्का आणि साहेबाचा लॅब्राडॉर

पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहिला तेव्हा माझे यजमान त्याच्या बॉयलर विभागात फिटर म्हणून लागले. ज्या परदेशी साहेबाच्या हाताखाली त्यांनी दोन वर्षं यंत्रं बसवली, तो काम संपल्यावर आपल्या देशी परत निघाला आणि जाताना त्याचा कुत्रा यजमानांच्या हवाली करून गेला. एका चैत्रातल्या संध्याकाळी यजमान सायकल हातात धरून चालत आले आणि शेजारून तो कुत्रा. वाळलेल्या कडब्याच्या रंगाचा, रुंद छातीचा, बुंध्याशी मनगटाएवढी जाड शेपटी. दारात येऊन तो बसला आणि माझ्याकडे असं बघू लागला की जणू मीच त्याच्याकडे राहायला आले आहे.

"आता ह्याला कुठं ठेवायचा?" मी विचारलं.

"ओट्यावर. गुणी हाय. लॅब्राडॉर म्हंत्यात ह्या जातीला."

आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं. घरात आम्ही तिघं. यजमान, मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई, त्यांना मी आक्का म्हणत असे. थोरले दीर जाऊन पाच वर्षं झाली होती. मोशीच्या शेतात काम करताना त्यांच्या पायात फाळ घुसला, पाय सुजला, आणि पंधरा दिवसांत ते गेले. आक्का तेव्हा एकवीस वर्षांच्या होत्या. मूलबाळ नव्हतं. सासूबाईंना त्यांचं तोंड बघवेना, म्हणून यजमानांनी त्यांना पिंपरीला आणलं. माझं लग्न त्यानंतरचं. मी घरात आले तेव्हा आक्का होत्याच, चुलीपुढं, पाठमोऱ्या. दिवसाकाठी त्या मोजके शब्द बोलत. कामाला कधी नाही म्हणत नसत, पण काही मागतही नसत. खरं सांगायचं तर मला त्यांची भीती वाटायची. सकाळी यजमान कामावर गेले की घरातल्या त्या शांततेत मी मुद्दाम भांडी वाजवत असे.

साहेबानं कुत्र्याबरोबर टाइप केलेला एक कागद दिला होता. यजमानांनी तो आपल्या ओव्हरसियरकडून वाचून घेतला आणि घरी येऊन आम्हाला सांगितलं. कान कोरडे ठेवायचे, नाहीतर चिघळतात. उन्हात दमवायचा नाही. पाणी दिसलं की त्याला पोहू द्यायचं, त्याच्या जातीचा तो धर्मच आहे. आणि शेवटी लिहिलं होतं, भूक लागली म्हणून तो रोज सांगेल, त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

त्याचं साहेबानं ठेवलेलं नाव आमच्या जिभेवर बसेना. आम्ही त्याला नुसतं 'ये रे' म्हणायचो, आणि तो यायचा. साहेबाकडे त्याला रोज मांस मिळे. आमच्याकडे ज्वारीची भाकरी ताकात कुस्करून. पहिले दोन दिवस त्यानं ताटलीकडे पाहून माझ्याकडे पाहिलं. तिसऱ्या दिवशी ताटली चाटून पुसून ठेवली आणि पुढं कायम तसंच. गोचीड काढणं, कान पुसणं, अंगणात झडलेले केस झाडणं, ही सगळी कामं माझ्याकडे आली. मी ती करत होते, पण मनापासून नाही. आक्का तर त्याला शिवतही नसत. तो मात्र त्यांच्याच मागं असायचा. त्या नळावर गेल्या की नळावर, निवडायला बसल्या की दोन हातांच्या अंतरावर जमिनीला हनुवटी टेकून. त्या पाय आखडून घेत. तो तेवढाच पुढं सरकत असे.

भाद्रपद संपत आला होता. मला पाचवा महिना लागला होता. एके दिवशी यजमान कामावरून हसतच आले. कारखान्यातून पहिला माल तयार होऊन बाहेर पडला होता आणि सगळ्या कामगारांना एकत्र बोलावून साहेब लोकांनी ते औषध काय आहे हे समजावून सांगितलं होतं. आपण काय बनवतो हे इतके दिवस यजमानांनाही धड ठाऊक नव्हतं. ते जेवायला बसले आणि घास हातात धरूनच सांगू लागले.

"लई भारी औषध हाय. जखम चिघळली, पू झाला, अंगात विष भिनाया लागलं, तरी चार-पाच इंजेक्शनात माणूस उठून बसतो. लढाईत हजारो जीव वाचले म्हंत्यात."

मी वाढत होते. आनंदाच्या भरात, काही विचार न करता, मी विचारलं, "मग थोरल्यांना हे मिळालं असतं तर वाचले असते?"

यजमान चटकन बोलून गेले, "व्हय. वाचला असता."

मग आम्हा दोघांच्याही लक्षात आलं. आक्का चुलीपुढं भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. भाकरी गोल झाली, तव्यावर पडली, वरून पाणी फिरलं. पण ती त्यांनी उलटली नाही. तव्यावर करपून धूर निघाला तेव्हा मीच उठून ती काढली. त्या तशाच बसून राहिल्या होत्या.

त्यानंतरच्या आठ दिवसांत आक्कांनी घर लख्ख केलं. डबे घासले, फळ्या पुसल्या, आपली दोन लुगडी घडी करून माझ्या पेटीत ठेवली. "तुला बाळंतपणात लागत्याल," म्हणाल्या. मला ते चांगलंच वाटलं. बाळाच्या येण्यानं त्यांचं मन जरा वळलं असेल अशी मी माझी समजूत करून घेतली.

घट बसायच्या आधी गोधड्या धुवायच्या असतात. वसाहतीत पाण्याला नळ होते, पण गोधड्या नळावर निघत नाहीत. म्हणून एका दुपारी आम्ही दोघी पवनेवर गेलो, कुत्राही बरोबर आला. पावसानं नदी अजून भरलेलीच होती, पाणी गढूळ आणि ओढीचं. आक्का खडकावर उभ्या राहून गोधड्या पायानं तुडवत होत्या. पोटुशी म्हणून त्यांनी मला पाण्याजवळ येऊ दिलं नाही. पिळलेली गोधडी घ्यायची आणि वर काठावरच्या कातळावर पसरायची, एवढंच मी करत होते. कुत्रा मनसोक्त पोहून आला होता आणि माझ्या मागं अंग झाडत फिरत होता.

तिसरी गोधडी पसरून मी वळले तेव्हा आक्का खडकावर नव्हत्या. त्या पाण्यात होत्या, कंबरेइतक्या, आणि पुढं चालत होत्या. हात अंगाशी धरलेले. घाई नव्हती.

"आक्का!" मी ओरडले.

त्यांना ऐकू गेलं, हे मला त्यांच्या खांद्यांवरून कळलं. त्या वळल्या नाहीत. अजून दोन पावलं टाकली आणि पाण्यानं त्यांना उचललं.

मला पोहता येत नव्हतं. मी ओरडत खाली धावले, पण माझ्या आधी कुत्रा गेला. त्याला काय कळलं होतं, हे मी आजही सांगू शकत नाही. साहेब त्याच्यासाठी पाण्यात काठी फेकायचा आणि तो आणून द्यायचा, असं यजमान सांगत. कदाचित त्याला तो खेळच वाटला असेल. तो सरळ त्यांच्यापर्यंत गेला, पाण्यावर पसरलेला पदर दातात धरला आणि मागं फिरला. पदर ताणला गेला तसं आक्कांचं तोंड पाण्याबाहेर आलं. आणि मग मी पाहिलं की त्यांच्या हातांनी त्याची मान धरली. घट्ट धरली. त्या ओझ्यानं तो दोनदा खाली गेला, दोनदा वर आला. प्रवाह दोघांना खालच्या बाजूला, लव्हाळ्यांकडे नेत होता. धुवायला आणलेलं एक लुगडं खडकावर भिजत पडलं होतं. त्याचं एक टोक मी बाभळीच्या खोडाला गुंडाळलं आणि दुसरं पाण्यात टाकलं. कुत्रा लव्हाळ्यात पोचला, गाळात पाय रोवून तो मागं मागं ओढत होता. आक्कांनी लुगडं धरलं. मी ओढलं.

काठावर आल्यावर त्या बराच वेळ पालथ्या पडून होत्या. पाणी ओकल्या. मी त्यांची पाठ चोळत होते आणि रडत होते. थोड्या वेळानं त्या उठून बसल्या, केस पिळले आणि म्हणाल्या, "पाय घसरला."

"व्हय," मी म्हणाले.

"भावजींना सांगू नगंस."

"न्हाई सांगत."

त्यांच्या चपला खडकावर शेजारी शेजारी, नीट जोडून ठेवलेल्या होत्या. मी त्या उचलून त्यांच्या पायांपाशी ठेवल्या. आम्ही ओल्या गोधड्या डोक्यावर घेतल्या आणि घरी आलो. रात्रीचा स्वयंपाक त्यांनीच केला.

कुत्रा लंगडत होता हे मला दुसऱ्या दिवशी दिसलं. गाळात रुतलेल्या कसल्या तरी पत्र्यानं त्याच्या पुढच्या पायाचा तळवा चिरला होता. मी हळद भरली, चिंधी बांधली. ती त्यानं चघळून काढली. चौथ्या दिवशी पाय कोपरापर्यंत सुजला. पाचव्या दिवशी सकाळी मी ताकभाकरी पुढं ठेवली आणि त्यानं तोंड फिरवलं. मला साहेबाचा कागद आठवला. हा कुत्रा अन्नाला नाही म्हणत नाही.

यजमान पहिली पाळी करून दुपारी आले तेव्हा तो ओट्यावर आडवा पडून धापा टाकत होता. आक्का आतून आल्या. आजवर त्यांनी त्याला बोटही लावलं नव्हतं. त्या त्याच्याशेजारी बसल्या, त्याचा पाय उचलून मांडीवर घेतला आणि वाकून वास घेतला.

"ह्यो वास मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. मग यजमानांकडे मान वर करून म्हणाल्या, "भावजी, ते औषध आणा."

"कुठलं, वैनी?"

"तुमच्या कारखान्यातलं."

यजमान गोंधळले. "अवं, तिथनं एक बाटली भाईर येत न्हाई. फाटकावर झडती व्हती. आन् कुत्र्याला कोण..."

"तुमच्या भावाला न्हाई मिळालं," आक्का म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "ह्याला मिळालं पायजे."

पाच वर्षांत आक्कांनी मागितलेली ती पहिली गोष्ट. यजमान उभेच राहिले. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाले, दिघीला लष्कराच्या जागेला लागून एक म्हातारे राहतात, रिसाल्यात घोड्यांची मलमपट्टी करण्यात त्यांचा जन्म गेला, त्यांना विचारून बघू. यजमानांना दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळेना. म्हणून भोसरीकडे कडबा नेणाऱ्या एका ओळखीच्या गाडीवानाला त्यांनी सांगून ठेवलं, आणि उजाडताच आम्ही दोघी कुत्र्याला गोधडीवर घालून बैलगाडीतून निघालो. वाटभर त्याचं डोकं आक्कांच्या मांडीवर होतं. तो थरथरला की त्या त्याच्या कानामागं हात ठेवत. गाडीवानानं दोनदा मागं वळून पाहिलं.

म्हातारे उंच, पांढऱ्या कल्लेदार मिशांचे. त्यांनी अंगणातच पाय तपासला, दाबून पू काढला, गरम पाण्यानं धुतला. कुत्र्यानं हूं की चूं केलं नाही. मग ते हात पुसत म्हणाले, "विष वर चढलंय. आता ते नवीन औषधच हवं. इंजेक्शन मी देईन, सुई माझ्याकडं आहे. पण औषध नाही. आणि बाई, रागवू नका, त्या औषधासाठी दवाखान्यात माणसं ताटकळत बसलेली असतात. कुत्र्यासाठी ते मागायचं म्हणजे..."

"त्यानं मला नदीतनं काढलं," आक्का म्हणाल्या.

म्हाताऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. "पाय घसरला होता का?"

मी 'व्हय' म्हणायला तोंड उघडलं होतं.

"न्हाई," आक्का म्हणाल्या.

म्हाताऱ्यांची बायको तुळशीला पाणी घालत होती, तिचा तांब्या तसाच हातात राहिला. मी खाली बघत होते. पाच-सहा दिवस जी गोष्ट मी पोटात घट्ट धरून बसले होते, ती त्यांनी एका परक्या माणसापुढं, एका शब्दात, उन्हात ठेवली होती.

म्हातारे आत गेले आणि एक चिठ्ठी लिहून घेऊन आले. "पुण्यात लष्कर भागात एक औषधवाला आहे, तो मला ओळखतो. घरच्या माणसाला आजच्या आज पाठवा. पाच दिवस इंजेक्शनं लागतील. ह्या जनावराला आता हलवू नका."

"मग मी बी हितंच ऱ्हाते," आक्का म्हणाल्या.

म्हाताऱ्यांच्या बायकोनं तांब्या खाली ठेवला. "पडवीत जागा आहे," ती म्हणाली. "माझ्याबरोबर दोन घास खाल."

मी त्याच गाडीनं परत आले आणि यजमानांच्या हाती चिठ्ठी दिली. विधवा भावजय परक्याच्या पडवीत पाच दिवस राहणार, हे ऐकून ते प्रथम चिडले. मोशीला आईला कळलं तर काय, लोक काय म्हणतील. मग मी त्यांना नदीवरचं सगळं सांगितलं. आक्कांना दिलेला शब्द मी मोडला. पण तो त्यांनी स्वतःच आधी मोडला होता, असं मी मनाला समजावलं. यजमान ओट्यावर बसले. मग उठले, सायकल काढली आणि पुण्याला गेले. परत आले ते रुमालात बाटल्या बांधून, आणि पिंपरीला न थांबता तसेच दिघीला. त्या बाटल्यांवरचा छाप त्यांच्याच कारखान्याचा होता. आपण बनवलेलं औषध त्यांनी दुसऱ्याच्या दुकानातून आणलं, आणि पुढं कित्येक वर्षं ते ही गोष्ट कुणाला सांगताना तिथंच अडखळत असत.

तिसऱ्या दिवशी सूज उतरली. चौथ्या दिवशी, आक्का सांगत, त्यानं म्हाताऱ्यांच्या ताटातली भाकरी पळवली आणि म्हातारे इतके हसले की त्यांना ठसका लागला. सहाव्या दिवशी मी त्याच गाडीतून दोघांना आणायला गेले. परतताना भोसरीच्या माळावर मला राहवलं नाही. मी म्हणाले, "आक्का, त्या दिवशी जेवताना मी ते विचारायला नको होतं. माझ्यामुळं झालं सगळं."

त्या बैलांच्या पाठीकडे बघत होत्या. "तू इचारायच्या आधीच माझ्या मनात आलं व्हतं," त्या म्हणाल्या. "भावजी सांगत व्हते तवाच. तू नसतं इचारलं तरी मी नदीवर गेलेच असते."

"आणि आता?"

"पाण्यात गेल्यावर मला वाटलं सुटले. मग त्यानं वढलं तवा माझ्याच हातांनी त्याला धरलं. मी न्हाई सांगितलं हातांना." मग म्हणाल्या, "पाच दिवस बसून त्येचाच इचार करत व्हते."

एवढंच. पुन्हा त्या दिवसाबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

माघात मला मुलगी झाली. ती चार महिन्यांची असताना एका सकाळी आक्कांनी यजमानांना विचारलं, "बाटल्या भरायला, चिठ्ठ्या चिकटवायला तिथं बायका घेत्यात का?" घेत होते. सासूबाई मोशीहून तावातावानं आल्या. आमच्या घरातली सून, त्यातून विधवा, कारखान्याच्या फाटकातनं पुरुषांच्या घोळक्यात जाणार? आक्का त्यांच्यापुढं बसल्या आणि म्हणाल्या, "आत्याबाई, ज्या औषधानं तुमचा ल्योक वाचला असता ते भरायला चालले." सासूबाई रडल्या. आक्कांनी त्यांना रडू दिलं, पाणी दिलं. सोमवारी कामावर गेल्या.

कुत्रा रोज त्यांना फाटकापर्यंत पोचवायला जायचा. पहारेकरी त्याला ओळखू लागले. पाळी सुटायच्या वेळी भोंगा झाला की तो ओट्यावरून उठून स्वतःच निघे. त्याची सगळी कामं आक्कांनी माझ्या हातातून केव्हा काढून घेतली ते मला कळलंही नाही. कान पुसणं, गोचीड, उन्हाळ्यात ओलं पोतं अंथरणं. रविवारी त्या त्याला नदीवर नेत. पहिल्यांदा त्या निघाल्या तेव्हा मी मुलीला काखोटीला मारून मागं गेले. आक्का खडकावर बसल्या होत्या, पाय पाण्यात सोडून, आणि काठी फेकत होत्या. मला बघून त्यांनी फक्त बाजूला सरकून जागा केली.

अशी चार वर्षं गेली. मग त्याचे मागचे पाय जायला लागले. आधी ओट्याची पायरी चढवेना, मग उभं राहणं कठीण. आक्का जुन्या लुगड्याची झोळी त्याच्या पोटाखालून घालून त्याला उचलत आणि सकाळ-संध्याकाळ अंगणात फिरवून आणत. दिघीचे म्हातारे स्वतः येऊन बघून गेले. "ह्याला औषध नाही," म्हणाले. "वय आहे. दुखत नाही त्याला फार. खातोय तोवर असू दे."

तो शेवटपर्यंत खात होता. थंडीतल्या एका सकाळी मी त्याच्यापुढं ताकभाकरी ठेवली, त्यानं अर्धी खाल्ली आणि माझ्या पायावर हनुवटी टेकवली. मी मुलीची वेणी घालत होते. वेणी संपली तेव्हा माझ्या पायावरचं त्याचं डोकं जड झालेलं होतं.

मी फाटकापाशी जाऊन उभी राहिले. भोंगा झाला, बायका बाहेर पडल्या, आक्का आल्या. फाटकाशी मला बघताच त्यांना समजलं. त्यांनी माझा हात धरला आणि आम्ही चालत घरी आलो. यजमानांनी क्वार्टरच्या मागं लिंबाखाली खड्डा खणला. आक्कांनी त्याला त्याच्या पोत्यात गुंडाळलं, आपल्या हातानं खाली ठेवलं, आणि माती लोटायच्या आधी खाली बसून त्याचे कान एकदा पुसले. मग त्या रडल्या. दीर गेले तेव्हाही त्या रडल्या नव्हत्या असं यजमान नंतर मला म्हणाले. त्या दिवशी मात्र त्या लिंबाखाली बसून मोठ्यानं, हुंदके देऊन रडल्या, आणि आम्ही दोघं बाजूला उभे राहिलो.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या क्वार्टरमधल्या दोघी जणी कामाला जाताना आमच्या ओट्यापाशी थांबल्या. "चला, बाई," त्यांनी हाक मारली. आक्कांनी डबा घेतला, मुलीच्या गालावरून हात फिरवला, आणि त्यांच्याबरोबर बोलत बोलत फाटकाच्या दिशेनं गेल्या.